गाडीतच मुक्काम: कमी खर्चात कोकण किनारा बघायचा तर

राजस्थानच्या वाळवंटात किंवा लडाखला गाडीत झोपून हिंडणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले की अनेकांना वाटतं, आपणही कोकणात असंच जाऊन यावं. जरूर जावं. खोलीचं भाडं वाचतं आणि पहाटे जाग येते ती समुद्राच्या गाजेने. फक्त एक फरक आधी नीट समजून घ्या. वाळवंटात मैलोन्‌मैल ओसाड जमीन असते, तिथे गाडी उभी केली तर विचारायला कोणी येत नाही. कोकणात तशी जमीन नाही. किनाऱ्याची पट्टी अरुंद आहे आणि तिचा प्रत्येक तुकडा कुणाची तरी नारळी-पोफळीची वाडी, कुणाची आंब्याची कलमं, देवस्थानाची जागा नाहीतर वनखात्याचं सुरूबन असतो. म्हणून इथला पहिला नियम हा: अंधार पडायच्या आत गावात पोचायचं आणि विचारून गाडी लावायची. हे जमलं तर कोकणाइतका स्वस्त आणि सुखाचा गाडीमुक्काम दुसरीकडे मिळणं कठीण.

१. गाडी: आहे तीच घ्या

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण म्हणून गावोगावी कॅराव्हॅन लावायची सोय झालेली आहे असं समजू नका. मोठी कॅराव्हॅन भाड्याने घेणं महाग पडतं, आणि किनाऱ्याच्या गावांतून ती वळत नाही. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी पाखाडी, असे रस्ते पुष्कळ आहेत. ईको, ओम्नी, बोलेरो, अगदी वॅगनआरसुद्धा दोघांना पुरते.

मागचं सीट पाडल्यावर किती लांबी मिळते ते टेपने मोजा. तिरकं झोपून साडेपाच-पावणेसहा फूट मिळाले तर बहुतेकांचं भागतं. बारा मिलिमीटरच्या प्लायचे तीन तुकडे बिजागऱ्यांनी जोडून घ्या, खाली भाजीचे प्लास्टिक क्रेट ठेवा, वर घरातलीच गादी किंवा जाड गोधडी. क्रेटमध्ये सामान राहतं. सुतार हे काम अर्ध्या दिवसात करून देतो. गाडीत कायमचा पलंग किंवा कपाट ठोकून घेऊ नका. आरसीत नोंद नसलेला बदल आरटीओला चालत नाही आणि विम्याच्या वेळीही तो अडचणीचा ठरतो. सुटी फळी कधीही काढता येते.

कोकणात थंडीपेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. काचा बंद करून दोन माणसं झोपली की पहाटे आतून पाणी ओघळतं आणि गादी ओली होते. समोरासमोरच्या दोन काचा चार बोटं उघड्या ठेवा आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड चुंबकांनी लावा. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा आणि मोठी पॉवर बँक एवढ्यावर रात्र आरामात निघते. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याचा पत्ता लागत नाही. गाडीत बसून गॅस पेटवू नका, तेही याच कारणासाठी.

२. दिवस निवडणं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून घाम सुरू होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. पाहुण्याने तेव्हा पाणी मागणं बरं दिसत नाही. पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, काच उघडता येत नाही, म्हणून गाडीत झोपायचा विचारच नको. नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा.

माझी आवडती युक्ती म्हणजे रविवारी दुपारी निघायचं. शनिवार-रविवारची गर्दी तेव्हा परतीच्या वाटेवर असते. सोमवार ते गुरुवार घरगुती निवासवाल्यांचं अंगण मोकळं असतं आणि त्यांना बोलायलाही वेळ असतो. शिमग्याच्या दिवसांत गेलात तर पालख्या बघायला मिळतील, पण चाकरमानी गावी आलेले असल्याने जागा मिळणार नाही. रस्त्यात पोरं गाडी अडवून पोस्त, म्हणजे शिमग्याची वर्गणी, मागतील. सुटे पैसे जवळ ठेवा आणि आनंदाने द्या.

३. पहिल्या खेपेचा मार्ग

अख्खा रेवस ते रेडी सागरी मार्ग पहिल्याच वेळी करायला जाऊ नका. हरिहरेश्वर ते रत्नागिरी एवढा टप्पा आठवड्याभराला भरपूर आहे. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, म्हसळा करत संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची, पलीकडे वेश्वी. मग बाणकोट, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले. पुढे हर्णै, दापोली आणि दाभोळ. दाभोळहून दुसरी फेरीबोट वाशिष्ठीपार धोपाव्याला सोडते, तिथून गुहागर. मग पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, आणि तिसऱ्या फेरीबोटीने शास्त्री नदीचं मुख ओलांडून जयगड. तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. परत येताना आंबा घाटाने कोल्हापूरच्या बाजूला वर यायचं.

या तीन फेरीबोटी म्हणजे खर्च वाचवायचं मोठं साधन. तिकिटाला लोक कुरकुरतात, पण दाभोळची खाडी वळसा घालून ओलांडायची म्हणजे खेड-चिपळूण गाठावं लागतं. त्यात तिकिटाच्या कितीतरी पट पेट्रोल आणि अख्खा अर्धा दिवस जातो. बोटी रात्री बंद होतात, तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बोटीवर चढण्याआधी गॅसची चावी बंद आहे ना बघा, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा.

किनाऱ्यावर आल्यावर दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच्या वर जाऊ नका. नकाशावर अंतर क्षुल्लक दिसतं, पण दर दोन गावांमध्ये एक खाडी किंवा एक घाटी असते. तासाला पंचवीस किलोमीटर पडले तरी चांगलं. पेट्रोल पंप श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा तालुक्याच्या गावीच भरवशाचे, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्यायची. सीएनजीवाल्यांनी किनाऱ्यावर पेट्रोलवरच चालायच्या तयारीने यावं. नकाशा आधी डाऊनलोड करून ठेवा, खाड्यांच्या उतारावर रेंज जाते.

४. भरती-ओहोटीचं गणित

हे शिकल्याशिवाय किनाऱ्यालगत रात्र काढू नये असं मला मनापासून वाटतं. मोबाईलवर तक्ते मिळतात, पण कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे आणि रेंज नसतानाही चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ, दुपारची आणि रात्रीची दोन्ही. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नवाच्या सुमाराला, पुरती ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे धरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे उतार-चढाव कमी.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पंचमीची रात्र आहे, दहा वाजलेत, समोर लांबच लांब कोरडी, घट्ट वाळू पसरली आहे. नवख्या माणसाला वाटतं, यापेक्षा चांगली जागा कोणती? पण पंचमीची भरती पावणेचारला. म्हणजे तो बरोबर ओहोटीच्या तळाला गाडी लावतोय आणि तो गाढ झोपेत असताना पाणी चाकांपर्यंत येणार. ओल्या वाळूत चाकाखालून पाणी फिरलं की वाळू निघून जाते, गाडी बसते, आणि मग ट्रॅक्टर बोलावून ओढण्याखेरीज मार्ग उरत नाही. दरवर्षी असे फोटो वर्तमानपत्रांत येतात. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाई आहेच, पण मनाईचा फलक नसला तरी उतरवू नका. वाळूतला ट्रॅक्टर एका रात्रीत सगळ्या सहलीची बचत खातो.

हीच वेळ दिवसाच्या आखणीलाही उपयोगी पडते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग खडकांतून पायऱ्यांनी खाली समुद्राला लागून जातो, तो ओहोटीलाच करायचा. भरतीला लाटा थेट त्या वाटेवर येतात. उलट हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. अरुंद घळीत पाणी कोंडून वर उसळतं, ते लांब उभं राहून बघा, कडेला जाऊ नका. पोहायचं असेल तर गावात विचारून, आणि खाडीच्या मुखाशी मुळीच नाही.

५. रात्रीची जागा

चार-साडेचारला गावात शिरा. दुकानात चहा घ्या, काहीतरी विकत घ्या आणि मग विचारा, "काका, आम्ही गाडीतच झोपतो. रात्रीपुरती गाडी कुठे लावली तर चालेल?" कुठून आलात, कुणाकडे आलात, कोण तुम्ही, हे प्रश्न येतील. सरळ उत्तरं द्या. या चौकशीचं वाईट वाटून घेऊ नका. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावरच स्फोटकं उतरवली गेली होती आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची गावं जास्तच सावध झाली. बंदराजवळ रात्री अनोळखी गाडी दिसली की पोलीस पाटलाला फोन जातो, आणि तो जायलाच हवा. आधारकार्ड आणि गाडीचे कागद हाताशी ठेवा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरगुती निवास चालवणाऱ्यांचं अंगण. खोली नको, फक्त गाडी लावू द्या, न्हाणीघर वापरू द्या आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडेच घेतो, असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. पैसे आधी ठरवा आणि ठरले तेवढे घासाघीस न करता द्या. त्या दोन ताटांवर त्यांना चार पैसे सुटतात म्हणूनच ही व्यवस्था टिकते. पिशव्या भरून शहरातून सगळं आणायचं आणि गावात दमडी खर्च करायची नाही, ही काटकसर मला पटत नाही.

दुसरी सोय देवस्थानांची. हेदवी, गणपतीपुळे, दक्षिणेला गेलात तर कुणकेश्वर, इथे भक्तनिवास आहेत. गाडी लावायला सुरक्षित आवार मिळतं, कधी एक रात्र खोलीतच काढावीशी वाटली तर ती परवडते. देवळाच्या आवारात मासळी शिजवायची नाही, दारू तर नाहीच, हे सांगायला लागू नये. अडीअडचणीला महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप आहे. गोंगाट असतो, पण दिवा आणि संडास दोन्ही असतात.

वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, झोपायचा मोह होईल. वारा मोकळा, डास कमी, आणि चांदण्या इतक्या की झोप लागू नये. जमीनमालकाला विचारून जरूर राहा, पण गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवा. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू अशा अनेक ठिकाणच्या कातळावर प्राचीन खोदचित्रं आहेत, त्यांतली काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. गवताखाली लपलेली रेघ चालकाला दिसत नाही आणि चाकाने झिजलेली रेघ पुन्हा उमटत नाही. दुसरी गोष्ट वणव्याची. जानेवारीपासून सड्यावरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं. एका ठिणगीने काजू-आंब्याची बाग जाते, आणि ती बाग उभी करायला माणसाची दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. शेकोटी पेटवायचीच नाही, ना सड्यावर, ना सुरूबनात.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडला तर काच आणि पत्रा दोन्ही जातात, सुकलेली झावळीही कमी नसते. आंब्याची किंवा वडाची सावली बघा.

नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर रात्री अंडी घालायला येतात. पुढे पिल्लं बाहेर पडतात ती उजेडाच्या दिशेने चालतात. नैसर्गिक रात्री सगळ्यात उजळ भाग समुद्राकडचा असतो, म्हणून ती पाण्याकडे जातात. गाडीचे हेडलाइट किंवा रंगीत दिव्यांची माळ दिसली तर ती जमिनीकडे वळतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केलं आणि आज ती घरटी राखणारी माणसं गावचीच आहेत. किनाऱ्यालगत मुक्काम असेल तर दिवे समुद्राकडे नकोत. पिल्लं सोडतात ती पहाटे आणि संध्याकाळी, फेब्रुवारी ते एप्रिल. त्या वेळी गेलात तर दोरीच्या मागे उभं राहून बघा.

६. पाणी, जेवण, अंघोळ

वीस लिटरचे दोन कॅन पुरेत, एक पिण्याचा, एक वापरायचा. विहिरीचं पाणी विचारून घ्या आणि पिण्याचं उकळून किंवा गाळून घ्या. भांडी विहिरीच्या कट्ट्यावर घासायची नाहीत.

पाच किलोचा छोटू सिलिंडर ओळखपत्र दाखवून पेट्रोल पंपावरही मिळतो. त्यावर एक शेगडी बसवली की झालं. सकाळचा चहा-पोहे आणि एखादी रात्र पिठलं-भात एवढं स्वतः करा, दुपारी खानावळ. माशाचं ताट शाकाहारी ताटाच्या जवळजवळ दुप्पट पडतं, म्हणून मासे खायचे तर एखाद्या दिवशी विकत घेऊन शिजवा. हर्णै बंदरात होड्या लागल्या की वाळूतच लिलाव मांडतात. तो लिलाव ढीगभर घेणाऱ्यांसाठी असतो, पण बाजूला कोळणी सुटे मासे विकतात. दोघांना चार बांगडे खूप. डोळा चकचकीत आणि कल्ला लालभडक असेल तो ताजा. साफ करून मागितलं तर तिथेच कोयत्यावर कापून देतात. मीठ, हळद, मसाला, आगळ (कोकमाचा रस) चोळून पाव तास ठेवा, तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. तेल सुटल्याशिवाय उलटू नका, नाहीतर साल तव्याला चिकटतं. हा सगळा कारभार गाडीपासून दहा पावलं लांब करायचा, कारण गादीला बसलेला वास पुढचे चार दिवस जात नाही. वेगळा मसाला घ्यायची गरज नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडा तांदूळ गावच्या दुकानात शहरापेक्षा चांगला मिळतो.

अंघोळीचा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार मोठा वाटतो. तो या भागात मजेने सुटतो, कारण गरम पाण्याचे झरे आहेत. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, आणि मुंबई-गोवा महामार्गाजवळची आरवली आणि तुरळ. कुंडात गंधकाचा वास येतो, पाणी कढत असतं. साबण कुंडात न्यायचा नाही, तांब्याने बाहेर घेऊन अंघोळ करायची. संडासासाठी अंगणवाल्यांचं न्हाणीघर, भक्तनिवास, एसटी स्टँडवरची सोय. किनाऱ्यावर बसू नका, तिथे सकाळी गावची माणसं जाळी ओढायला येतात. कचरा शहरात परत आणा. बहुतेक ग्रामपंचायतींकडे तो उचलायची सोय तोकडी असते.

७. खर्च किती

पुण्याहून वर सांगितलेली फेरी सातशे किलोमीटरच्या आसपास होते. गाडी लिटरला चौदा देत असेल तर पन्नास लिटर, म्हणजे पाच-साडेपाच हजार. दोघांत हा सगळ्यात मोठा खर्च. त्याखाली जेवण, मग फेरीबोटी, मग अंगणाचं भाडं. चौघांनी दोन गाड्या नेण्यापेक्षा दोघांनी गाडीत आणि दोघांनी तंबूत झोपलं की इंधन निम्म्यावर येतं. पैसे रोख जवळ ठेवा, छोट्या नोटा. यूपीआय सगळीकडे आहे, पण रेंज सगळीकडे नाही.

८. साप, विंचू आणि घाट

जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, बूट आत ठेवा आणि घालण्याआधी झटका. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, आणि त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. दंश झाला तर मांत्रिक नको, चिरा देणं नको, दोरी आवळणं नको. १०८ ला फोन करा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

परतीला आंबा घाट चढताना गाडी तापली तर बाजूला थांबवा आणि बॉनेट लगेच उघडून पाणी ओतू नका. ताम्हिणी उतरताना मात्र जुन्या ड्रायव्हरांचं ऐका, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर नाही.

घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या वाऱ्याने आणि फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या पाण्याने पत्र्याच्या सांध्यांत मीठ बसतं आणि पावसाळ्यापर्यंत गंज धरतो. बॅटरीची टोकं पुसून व्हॅसलीन लावा. गादीला दोन दिवस कडक ऊन द्या, प्लायची फळी उभी करून वाळवा आणि मगच गुंडाळून ठेवा.